कालवांचा दुसरा थर

डिसेंबर सरायला लागला की बडोद्याच्या रावपुऱ्यात फुटपाथवर पतंगाचा दोरा रंगवणारे येऊन बसतात. दोन बांबू पुरलेले, त्यांच्यामध्ये पांढरा दोरा मागेपुढे ताणलेला, आणि हातात गुलाबी लगद्याचा गोळा धरून एक माणूस या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातो, वळतो, परत येतो. मूठ दोऱ्यावरून सुटत नाही. मध्येच रिक्षा अंगावर येते, कोणी भाव विचारते, तो मान वळवून उत्तरही देतो, पण मूठ दोऱ्यावरच. मी स्कूटर कडेला घेऊन थोडा वेळ बघत उभी राहते. घरच्यांना वाटते, हिला पतंगांचा शौक. पतंग मला आजही धड चढवता येत नाही. मला त्या माणसाचे चालणे बघायचे असते. एका हिवाळ्यात मीही तशीच चालले होते. फरक एवढाच की माझ्या हातात दोरा नव्हता, पायाखाली दगड होता.

मी बडोद्यालाच भूगर्भशास्त्रात एम.एस्सी. केले. शेवटच्या वर्षीच्या हिवाळ्यात आमच्या वर्गाचा मुक्काम पश्चिम कच्छमधल्या एका गावाच्या धर्मशाळेत पडला होता. तिथले खडक मायोसीन काळातले, साधारण दोन कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा तिथे उथळ समुद्र होता. कधी तो आत यायचा, कधी मागे हटायचा. त्याने मागे ठेवलेली माती, वाळू आणि शिंपले एकावर एक बसत गेले, त्यांचा दगड झाला, आणि आता कोरड्या ओढ्यांच्या काठांत ते थर चुलीशेजारी रचलेल्या रोटल्यांच्या चवडीसारखे उघडे दिसतात.

जोडीजोडीने एकेक ओढा वाटून दिलेला. माझी जोडीदारीण फाल्गुनी. ती पाणीगेटची, गुजराती घरातली, पण शेजार सगळा मराठी, त्यामुळे तिची भाषा अर्धी आमची आणि अर्धी तिची. दिवसभर बडबड करणारी, उन्हाला न जुमानणारी, आणि मोजणीचा मनापासून कंटाळा असलेली. मी नेमकी उलट. आमच्या घरी आजही मला 'मोजणी खाते' म्हणतात. कणकेत पाणी किती, गच्चीवरच्या टाकीत पाणी किती, हे मला विचारायचे, मी सांगायचे.

आमचे काम मोजण्याचेच होते. दीड मीटरची काठी आणि तिच्या डोक्यावर उतार बघायचे छोटे यंत्र. थर समुद्राकडे दोन-तीन अंशांनी कललेले, म्हणून काठीही तेवढीच कलती धरायची, यंत्रातून समोर बघायचे, नजर जिथे टेकेल तिथे जाऊन पुन्हा काठी रोवायची. ओढ्यातून समुद्राच्या दिशेने चालत गेले की एकेक वरचा, म्हणजे नंतरचा, थर पायाखाली येत जातो. आपण सपाटीवरून चाललो आहोत असे वाटते, पण खरे तर काळात वर चढत असतो. हे मला पहिल्या दिवशी कळले तेव्हा मी काठी तशीच धरून उभी राहिले होते. फाल्गुनी म्हणाली, "शुं थयुं? साप आहे?"

त्या हिवाळ्याचा वास मला अजून येतो. तिकडे गांडा बावळ म्हणतात त्या वेड्या बाभळीच्या जळणाचा धूर, बाजरीचा रोटला, आणि दगडावर ॲसिडचा थेंब टाकला की उठणारा तो बारीक आंबूस वास. डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटलीत आम्ही पातळ ॲसिड ठेवायचो. दगड फसफसला तर चुनखडक. आणि माती असेल तर ती खायची. यात गंमत काही नाही, तीच पद्धत आहे. चिमूटभर दातांखाली घ्यायची. कचकचली तर तिच्यात बारीक वाळू आहे, लोण्यासारखी लागली तर निव्वळ चिकणमाती. आई डब्याबरोबर दगडांसाठी पिशव्या द्यायची. जुन्या चादरी फाडून शिवलेल्या, नाडी घातलेल्या. घरात एखादी चादर विरली की ती विचारायची, "दगडांना किती लागतील यंदा?" दगड जणू परगावी राहणारे कोणी नातेवाईक असावेत. माझ्या निळ्या फुलांच्या चादरीत कच्छचा अर्धा किनारा बांधून आला.

मातीच्या चवीची ती सवय अजून सुटलेली नाही. गिरणीतून पीठ आले की मी चिमूटभर तोंडात टाकते. गिरणीवाला म्हणतो, "बेन, तमे चाखो छो के तपासो छो?" चाखताय की तपासताय?

थरांची जी गोष्ट मला सगळ्यांत आवडते ती सांगायला कच्छला जावे लागत नाही. विश्वामित्रीला पूर येतो, पाणी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शिरते आणि दोन दिवसांनी ओसरते. मग फाटकापाशी पाहावे, तिथे जाड वाळू पडलेली असते, कारण तिथे पाण्याला जोर होता. मधल्या खांबांशी बारीक गाळ. आणि जिन्याखालच्या कोपऱ्यात, जिथे पाणी नुसते थांबून राहिले, तिथे साबणासारखी मऊ, काळी माती आणि कुजलेली पाने. पूर एकच, दिवस एकच, साका तीन तऱ्हांचा. आणि पुढच्या वर्षी पूर आला की जिन्याखाली पुन्हा तशीच काळी माती. आता कोणी ती काळी माती बघून म्हणेल, या दोन्ही एकाच पुराच्या. आणि फाटकाची वाळू नि जिन्याची माती बघून म्हणेल, हे दोन वेगळे पूर. दोन्ही चूक. सारखे दिसते ते एकाच वेळचे असेलच असे नाही, आणि वेगळे दिसते ते वेगळ्या वेळचे असेलच असेही नाही. हे एवढे ज्याला कळले त्याला आमच्या शास्त्राचा निम्मा भाग कळला.

मला हे पार्किंगमध्ये उभे राहून सांगता येते. त्या हिवाळ्यात ओढ्यात उभे राहून मात्र सांगता येत नव्हते.

झाले असे. आमच्या ओढ्यात कालवांचा, म्हणजे ऑयस्टरच्या शिंपल्यांचा, एक थर होता. तळहाताएवढे जाड शिंपले, एकमेकांना चिकटलेले, गच्च. त्याच्या खाली करडी माती, आणि तिच्यात जिप्समचे काचेसारखे पापुद्रे, उन्हात चमकणारे. हा थर मोजून आम्ही पुढे गेलो. पुढे ओढा एका वळणावर वाळूने आणि बावळीने पार बुजलेला, खडक दिसेना. ते बुजलेले अंतर मी उतारावरून हिशेब करून धरले. वळणापलीकडे पुन्हा खडक उघडा पडला, तर काय, पुन्हा करडी माती, पुन्हा जिप्समचे पापुद्रे, आणि वर पुन्हा कालवांचा थर. मी त्याला पुढचा आकडा दिला, पिवळ्या रंगाने दगडावर एकतीस लिहिले, आणि वर मोजत गेले.

संध्याकाळी धर्मशाळेच्या ओट्यावर फाल्गुनीने पाय पसरले आणि म्हणाली, "ए, हा दुसरा थर नाही हं. हा तोच आहे. त्या वळणात जमिनीला चीर असणार. पलीकडची बाजू वर उचलली गेलीय. म्हणून तेच पुन्हा आलंय. तू एकच जेवण दोन वेळा वाढलंस."

मी म्हणाले, "खालचा चाळीस सेंटिमीटर आहे, वरचा पासष्ट. एक कसा असेल?"

"छीप मोठी झाली असेल. खाऊनपिऊन." छीप म्हणजे तिचा शिंपला.

सर शेजारीच चहा घेत बसले होते. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो. ते कमी बोलायचे, आणि बोलायचे ते पेन्सिल हातात घेऊन. त्यांनी माझा कागद मागून घेतला. तळापासून वरपर्यंत थरांचा रकाना काढलेला होता, त्यातल्या वरच्या भागाशेजारी त्यांनी एक प्रश्नचिन्ह काढले.

"तुझे आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले. "पण थराची जाडी थोड्या अंतरावरही बदलते. तेव्हा हा पुरावा नाही. फाल्गुनी म्हणते तसं असेल तर वळणापलीकडचं सगळं रद्द. तेच खडक तू दोनदा मोजलेस."

"मग, सर?"

"मग जे उरेल त्यावर प्रबंध होत नाही. बडोद्याला लॅबमध्ये बोअरिंगचे नमुने पडलेत, पेटीभर. कोणाचे तरी आहेत. तेच घेऊन बस. कामाला काही वाईट नाहीत."

'कोणाचे तरी' हे दोन शब्द मला रात्रभर टोचले. एप्रिलमध्ये परीक्षा, म्हणजे कच्छचा हा एकच हिवाळा. मला माझा स्वतःचा ओढा हवा होता. पायाने चाललेला, हाताने मोजलेला, आईच्या चादरीत बांधून आणलेला. दुसऱ्या कोणाच्या पेटीवर माझे नाव लिहायचे नव्हते.

सकाळी सरांनी नकाशा पसरला. ओढ्याच्या पूर्वेला एक टेकडी होती. तिच्या पलीकडच्या अंगाला उभा कडा, अगदी उघडा, मध्ये काही बुजलेले नाही. "डोळ्यांनी जोडू नका," ते म्हणाले, "पायांनी जोडा. खालच्या कालवांच्या थरावर उभ्या राहा आणि तो थर टेकडीच्या अंगाने जिकडे नेईल तिकडे जा, कड्यापर्यंत. तिथे त्याच्या वर दुसरा कालवांचा थर असेल तर तो पकडा आणि त्याच्यावरून परत या. थर सुटला की तिथेच थांबायचं, अंदाजाने पुढे जायचं नाही."

"आणि तुम्ही, सर?" फाल्गुनीने विचारले.

"मी हिच्या पिवळ्या एकतीस आकड्यापाशी बसतो. हिचं बरोबर असेल तर परत येताना तुम्ही तिथेच याल."

"आणि नसेल तर?"

"तर दुसरीकडे कुठेतरी निघाल. मी जेवायच्या वेळी धर्मशाळेत येईन."

फाल्गुनीचा चेहरा उतरला, आणि तो थरासाठी नव्हता. त्या दिवशी उत्तरायण, म्हणजे संक्रांत, होती. "आज आख्खं बडोदा धाब्यावर आहे," ती बूट बांधता बांधता म्हणाली. "माझा भाऊ माझी फिरकी घेऊन पतंग काटत असेल. मम्मीनं उंधियुं केलं असेल. आणि मी इथे छीप शोधते."

बडोद्यात गच्चीला आम्हीही धाबेच म्हणतो. आज आमच्या सोसायटीच्या धाब्यावर दर उत्तरायणला फाल्गुनी येते. आता ती फतेगंजला राहते, शाळेत शिकवते, आणि येताना उंधियुंचा डबा आणते. माझी मुलगी म्हणते, "आई, तुम्ही दोघी दरवर्षी तेच बोलता." बरोबर आहे. धाब्यावरचे सगळे इतके सारखे असते की माझ्या डोक्यात दहा-बारा उत्तरायणे एकमेकांत मिसळून गेली आहेत. तोच उत्तरेचा वारा, तीच जिलेबी, स्पीकरचा तोच गोंगाट, बोटांना तीच चिकटपट्टी. मग कोणीतरी म्हणते, दादाचा दोऱ्याने कान कापला होता ते कोणते वर्ष? लगेच सगळे एकच वर्ष समजून बोलू लागतात. फाल्गुनी आणि मी मात्र बसल्याबसल्या चालत मागे जातो. त्या दिवशी टाकीला नवे झाकण होते का? समोरचा निंब तोडलेला होता की उभा होता? निंब उभा होता, तर ते आधीचे. अशी धरून धरून गेलो की दोन उत्तरायणे वेगळी निघतात आणि मध्ये कितीतरी काही सापडते, जे विसरून गेलो होतो. सासऱ्यांचे धाब्यावर येऊन खुर्चीत बसणे असेच एकदा मध्ये सापडले. तो त्यांचा शेवटचा जानेवारी होता, आणि आम्ही तो आधीच्या वर्षाला चिकटवून टाकला होता.

ऑफिसातही माझे भांडण हेच असते. पुलाच्या जागेवर दोन ठिकाणी जमिनीला भोके पाडतात, दोन्हींत पिवळी चिकणमाती लागते, आणि कोणीतरी पट्टी घेऊन कागदावर सरळ रेघ मारून मोकळा होतो. मी म्हणते, मध्ये एक भोक आणखी घ्या. लोक कुरकुरतात, पण घेतात.

तर आम्ही निघालो. खालच्या कालवांवर पाय ठेवून टेकडीच्या अंगाने. सुरुवातीला सोपे होते, शिंपले बुटाखाली खडखडत होते. मग बावळीचे रान लागले. थर त्याच्यातून गेला, म्हणून आम्हीही त्याच्यातूनच गेलो. वाकून, काट्यांत ओढण्या अडकवत. रानाबाहेर एक म्हातारी रबारी बाई शेळ्या घेऊन बसली होती. आमची खाली गेलेली मुंडकी बराच वेळ बघून तिने विचारले, "शुं खोवाणुं, बेन?" काय हरवले?

"दरियो," फाल्गुनी म्हणाली. "समुद्र खोवाणो, मा."

म्हातारीने विचार केला आणि काठीने नैर्ऋत्येकडे दाखवले. तो तिकडे आहे. चुकीच्या बाजूला शोधताय.

त्यानंतर थोड्याच अंतरावर कालवे विरळ होऊ लागली. एक इथे, एक तिथे. मग तुकडे. मग एकही नाही. थर होता, पण त्याचे रूप पालटत होते. आधी शिंपल्यांची रास, मग माती, मग तपकिरी वाळू, आणि तिच्यात स्क्रूसारखे पिळाचे छोटे शंख. फाल्गुनी दर थोड्या वेळाने वाकायची, चिमूट तोंडात टाकायची आणि थुंकायची. "कचकचतंय. आता जास्त कचकचतंय." मी खाली बघत होते, रानाच्या आधीपासून थराच्या तळाला लागलेला पिवळा चुनखडक. तो मात्र बदलला नव्हता, बोटभर जाडीची पट्टी, तेव्हापासून पूर्ण वेळ सोबत. समुद्राच्या तळावर आपण ओढ्यातल्या कालवांच्या वसाहतीकडून किनाऱ्याच्या वाळूकडे चालत चाललो आहोत, हे मला तेव्हा दिसायला लागले. पार्किंगच्या जिन्यापासून फाटकाकडे, तसे.

कड्याशी पोहोचलो. कडा पुरुषभर उंचीचा नव्हता, चार मजली घराएवढा होता. तळापासून माथ्यापर्यंत स्वच्छ. आम्ही मान वर करून बघितले.

कालवांचा थर एकच होता. वर, माथ्याजवळ.

फाल्गुनी दगडावर बसली. तिला जिंकल्याचा आनंद झाला नाही, ते तिचे तिलाही आवडले नसावे. ती हळूच म्हणाली, "जो, बघ. एकच आहे. मी म्हटलं होतं ना? जाऊ दे. लॅबमध्ये पंखा तरी असतो."

मी पुन्हा एकदा कडा वाचला, वरून खाली. कालवे. त्याखाली करडी माती, जिप्सम चमकत होते. आणखी माती. आणि तळाशी, आमच्या बुटांखाली, तपकिरी वाळू, पिळाचे शंख, तिच्याखाली बोटभर पिवळी पट्टी.

"फाल्गुनी," मी म्हणाले, "तू कशावर बसलीस?"

तिने खाली बघितले. मग मागे, आलो त्या वाटेकडे. मग पुन्हा खाली. एक शंख नखाने उकरून हातात घेतला.

"आपण हिच्यावरूनच आलो ना?"

"हो."

"कुठे उतरलो नाही?"

"नाही."

"रानातसुद्धा नाही?"

"रानात तू तोंडात घेऊन बघत होतीस."

तिने शंखावरची वाळू फुंकली. मग म्हणाली, "म्हणजे ही खालची कालवं आहेत. कालवं नसलेली."

इतके नेमके वाक्य मला आजवर कुठल्या व्याख्यानात ऐकायला मिळालेले नाही.

आम्ही कडा मोजला. या वाळूपासून वरच्या कालवांपर्यंत अकरा मीटर. ओढ्यात मी बुजलेल्या वळणाचा हिशेब धरून चौदा काढले होते. ते तीन मीटर मला खुपले, पण खोटे वाटले नाहीत. थर बदलतो, तशी त्याच्यावरची माती कुठे जाड, कुठे पातळ बसते. पण निम्मीच लढाई झाली होती. वर दुसरा थर आहे हे सिद्ध झाले, माझा एकतीस नंबर तोच, हे कुठे सिद्ध झाले होते? वळणात चीर असेलच, तर वरचा थर भलतीकडे उतरेल, आणि सर आत्ता रिकाम्या दगडापाशी बसलेले असतील.

परतताना फाल्गुनी पुढे झाली. आता तिला थर सोडवेना. गावातली पोरे कुठेतरी दोन-चार पतंग उडवत होती, एक कटून आमच्या डोक्यावरून गेला. एरवी ती त्यामागे धावली असती. तिने मानही वर केली नाही. एका शेताच्या बांधापाशी थर वाऱ्याने आणलेल्या वाळूत बुडाला. आम्ही थांबलो. तिने हातोडीच्या मागच्या टोकाने उकरायला सुरुवात केली, मीही गुडघ्यांवर बसले. ढोपरभर खाली खडखडले. कालवे. आम्ही दोन हात पुढे पुन्हा उकरले. पुन्हा कालवे. असे उकरत उकरत बांधाच्या पलीकडे निघालो तेव्हा आमच्या दोघींच्या नखांत तो समुद्र भरलेला होता.

मग ओढ्याचा काठ आला. थर काठावरून खाली वाकला आणि आम्ही त्याच्याबरोबर उतरलो. वळणाची बावळ उजवीकडे राहिली. मी खालीच बघत होते. वर बघायचा मला धीर नव्हता असे नाही, पण सरांनी सांगितले होते, डोळ्यांनी जोडू नका.

आधी मला पिवळा रंग दिसला. एकाचा दांडा, मग तिनाचे वळण. मग त्याच्याशेजारी सरांचे बूट.

ते दगडाला टेकून बसले होते, टोपी डोळ्यांवर ओढलेली, शेजारी थर्मास. त्यांनी टोपी वर केली, आमच्याकडे बघितले, आमच्या पायांकडे बघितले.

"चहा निवला," ते म्हणाले. "मध्ये अंतर किती आलं?"

"ओढ्यात चौदा मीटर, सर. कड्यात अकरा."

त्यांनी खिशातून खोडरबर काढले, कागद गुडघ्यावर घेतला आणि प्रश्नचिन्ह पुसले. रबराचा भुगा फुंकला, तो कालवांवर पडला. कागद माझ्या हातात देत ते म्हणाले, "दोन्ही लिही."

मी दोन्ही लिहिले. वरचा सगळा भाग माझा राहिला.

फाल्गुनी अजून थराच्या कडेवर उभी होती, सुळक्यावर उभ्या राहिलेल्या शेळीसारखी, दोन्ही पाय जुळवून. "सर," ती म्हणाली, "आता पाय उचलू?"